मदत हवी आहे: घर-नोकरी सांभाळून प्रार्थनेला आणि चित्रांना शांत वेळ कसा काढता?
सर्वांना सलाम. मी वसईत राहते, नोकरी चर्चगेटला. पहाटे डबे, मग लोकल, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, आणि रोझरी (जपमाळेची प्रार्थना) संपेपर्यंत डोळे मिटू लागलेले असतात. येत्या उपवासकाळाआधी (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) क्रुसाच्या वाटेची 14 स्थानं, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग, जलरंगात रंगवायची फार इच्छा आहे. कच्ची रेखाटनं तयार आहेत, रंगाला मात्र हात लागत नाही.

आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं मला फार जवळची वाटतात. 1902 साली गोव्यात जन्मलेले हे चित्रकार पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, आणि त्यांनी येशूची आई मरिया साडीत रंगवली. तसा आश्रम आपल्या वाट्याला नाही. पण बायबलमध्ये मार्क 6:31 इथे येशू एकांतात येऊन विसावा घ्यायला सांगतो तो कामाने गांजलेल्या शिष्यांना. लोकांची ये-जा इतकी, की त्यांना जेवायलाही सवड नव्हती! म्हणजे हा निरोप आपल्यालाही आहे, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यापैकी जे चित्रं काढतात, गातात, लिहितात, ते हा वेळ नेमका कुठून काढतात? पहाटे, की सगळे झोपल्यावर? आधी बायबलमधलं वचन वाचून मौन, मग काम, असा क्रम ठेवता, की रंगवणं हीच प्रार्थना मानता? घरच्यांना कसं समजावलंत? वसई किंवा पुण्याजवळ एका दिवसाची मौन साधना कुठे होत असेल, जिथे चित्रांची वही बरोबर नेता येईल, तर तेही कृपया कळवा.