भात निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) पावसाने दडी मारली तर? कोळसा, हायड्रोजेल की हळवं बियाणं

मुरबाडचा_माळ: आपल्या ठाणे जिल्ह्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी सप्टेंबरात पंधरा दिवस उघडीप पडली की माळावरची खाचरं भेगाळतात. मुरमाड जमीन पाणी धरतच नाही. माझं ठाम मत: भाताचा तूस वीटभट्टीला विकू नका. कमी हवेत जाळून त्याचा कोळसा करा, शेणखत-गोमूत्रात मुरवा, मग मातीत मिसळा. त्याच्या छिद्रांत ओल टिकते, जमिनीचा आम्लपणाही उतरतो. मुरवणं मात्र टाळू नका. कोरा कोळसा सुरुवातीला नत्र धरून ठेवतो आणि पीक पिवळं पडतं.

शहापूर_वावर: दादा, हिशेब बघा. प्रयोगांत हेक्टरी दहा टन कोळसा घालतात, म्हणजे गुंठ्याला शंभर किलो. एकरी वीस क्विंटल भात धरलं तर तूस चार क्विंटल, कोळसा जेमतेम सव्वा. एकराच्या तुसात एक गुंठा! त्यापेक्षा माळावर हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात लावा, उघडीप पडायच्या आत दाणा भरतो. आणि बांध फुटके ठेवू नका.

ऐरोली_गच्चीबाग: पुसा हायड्रोजेलचं कुणीच कसं बोलत नाही? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं दाणेदार जेल आहे, वजनाच्या साडेतीनशे पट पाणी शोषतं, एकरी एक-दोन किलो पुरतं.

मुरबाडचा_माळ: दोन किलो म्हणजे सातशे लिटर. एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी चार हजार लिटर होतात. एवढ्याने भात कसं तगेल?

ऐरोली_गच्चीबाग: ते शेतभर फेकत नाहीत हो, बियाण्याच्या ओळीत मुळाशी देतात. पावसाच्या दर सरीला पुन्हा फुगतं.

शहापूर_वावर: चिखलणी करून लावलेल्या भातात बियाण्याची ओळ कुठून आणायची? भाजीपाल्याला चालेल.

मुरबाडचा_माळ: मग कोळसाही तिथेच घालू. भातानंतरच्या काकडी-कारल्याच्या आळ्यात दोन-तीन किलो, शेणखतासोबत. सव्वा क्विंटलात चाळीस-पन्नास आळी होतात. शेणखत दरवर्षी कुजून संपतं, कोळसा वर्षानुवर्षं राहतो. भेंडीच्या सरीतही घालता येईल.

शहापूर_वावर: आळ्यांचं पटलं. पण भट्टीवाला तुसाचे रोख पैसे देतो आणि लावणीची मजुरी त्यातूनच निघते. ज्याच्या घरी दोन जनावरंही उरली नाहीत, त्याने तूसही सोडायचा आणि शेणखतही विकत आणायचं? त्याला मी हळवं बियाणंच सांगणार.