नवीन लॅपटॉपच्या कीबोर्डवर हात बसत नाहीये, मराठी टायपिंगवाल्यांनी सल्ला द्यावा

टायपिंग_बावडा
नमस्कार. मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहते, वकिलांची मराठी टायपिंगची कामं घेते. अकरा वर्षं डेस्कटॉपवर इनस्क्रिप्टमध्ये (मराठी अक्षरांची कीबोर्डवरची एक ठरलेली मांडणी) काम केलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून सीपीआर हॉस्पिटलसमोर त्या कोर्टात जाऊन तिथल्या तिथं काम करून द्यावं लागतं. जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदींचं हस्ताक्षर लागत नाही, त्यांच्या टाईप प्रती हव्या असतात. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी १५.६ इंची लॅपटॉप घेतला.

मशीन चांगलं आहे, पण हात बसत नाही. बटण दाबलं गेलं का तेच कळत नाही. 'कोर्ट' लिहायला गेलं की 'ट'च्या जागी एंटर बसतो. टचपॅडला तळहात लागला की कर्सर वरच्या परिच्छेदात उडी मारतो. परवा एका प्रतीत गट नंबरच्या मधोमध वारसाचं नाव घुसलं. वकीलसाहेबांच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं, पण मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्याच्या जमिनीचा कागद आहे हो तो. सवय होईल का, की वेगळा कीबोर्ड घेऊ? बजेट हजारापर्यंत.

राजारामपुरी_७वी_गल्ली
वेगळाच घ्या. लॉजिटेकचा के १२०, वायरवाला. बजेटमध्ये बसतो, बटणं पूर्ण आकाराची. आमच्या ऑफिसात चार आहेत.

टायपिंग_बावडा
घरी ठीक आहे दादा. पण तिथं बाकावर बसून लॅपटॉप मांडीवर घ्यायचा, दुसरा कीबोर्ड कुठं ठेवू?

जुना_कळफलक
ताई, १५.६ इंची म्हणजे उजवीकडं आकड्यांचं पॅड असणार. गोम तिथंच आहे. त्या पॅडमुळं अक्षरांची सगळी बटणं डावीकडं सरकलेली असतात. आपण बसतो स्क्रीनच्या मधोमध, त्यामुळं दोन्ही हात जरा उजवीकडंच पडतात आणि करंगळी एक घर पुढं जाते. इंग्रजीवाल्याला हे फारसं जाणवत नाही, कारण त्याच्या उजव्या करंगळीला काम कमी. इनस्क्रिप्टमध्ये ज, ड, च, ट, य हे सगळे त्याच करंगळीवर! 'ट' तर एंटरला चिकटून. तुमचा 'कोर्ट' चुकतो तो म्हणून, बोटांचा दोष नाही.

एक करून बघा. 'एफ' आणि 'जे'वर बारीक उंचवटा असतो. त्या दोन्हींचा मध्य बेंबीसमोर येईल इतका लॅपटॉप उजवीकडं सरकवा. स्क्रीन थोडी बाजूला गेल्यासारखी वाटेल, डोळ्यांना दोन दिवसांत सवय होते. हात उचलून परत ठेवताना दर वेळी ते उंचवटे चाचपायचे.

दुसरं, डेस्कटॉपचं बटण साधारण साडेतीन-चार मिलिमीटर खाली जातं, लॅपटॉपचं एक-दीड. तुम्ही जुन्याच जोरानं मारत असाल तर बोटांची टोकं दुखत असतील. हलकं मारा. सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं वेग विसरून फक्त जोडाक्षरं करा: कोर्ट, हद्द, ज्येष्ठ, खर्च. मराठीत जवळपास दर जोडाक्षराला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) लागतो आणि तो डाव्या मधल्या बोटावर, म्हणून त्या बोटाचीही कसोटी लागते.

टायपिंग_बावडा
टोकं दुखतातच! मी कुणाला बोललेही नव्हते. आणि टचपॅडचं काय करू?

रंकाळा_सकाळी
ते सोपं आहे. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात टचपॅड, त्यात टॅप्स. सेन्सिटिव्हिटी 'लो' करा आणि एका बोटाच्या टॅपनं क्लिक होण्याची खूण काढून टाका. मग टचपॅड दाबल्याशिवाय क्लिक होणार नाही, कर्सरची उडी थांबेल. माऊस वापरत असाल तर 'माऊस जोडल्यावरही टचपॅड चालू ठेवा' अशा अर्थाची खूण तिथंच आहे, तीही काढा.

शिवाय पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये त्याला 'डू नथिंग' द्या. ऐन घाईत मशीन झोपी गेलेलं मी अनुभवलंय.

जुना_कळफलक
आणि उंची बघा. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहिलं पाहिजे. मांडीवर लॅपटॉपखाली जाड फाईल घेतलीत तरी फरक पडतो.

टायपिंग_बावडा
नऊ दिवसांनी लिहितेय. लॅपटॉप सरकवला त्याच दिवशी 'ट' जागेवर आला. टचपॅडची उडी पूर्ण थांबली, मांडीवर आता फाईल घेते. घरच्यासाठी के १२० आणला, पण सकाळची पंधरा मिनिटं मुद्दाम लॅपटॉपवरच करते. काल सहा पानी प्रत बाकावर बसून दिली. छापण्याआधी दोनदा वाचली, एकही चूक नव्हती. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

एकच राहिलंय. 'डॉक्टर'च्या ऑचं बटण एंटरच्या वर आहे आणि या मशीनवर फारच अरुंद. दहातून चारदा चुकतं.

रंकाळा_सकाळी
मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज मोफत आहे, त्यात कीबोर्ड मॅनेजर बघा. उजवा कंट्रोल वापरत नसाल तर त्याला ते बॅकस्लॅशचं बटण नेमून द्या, मग मराठीत तिथून ऑ उमटेल. फक्त पॉवरटॉईज चालू राहिलं पाहिजे. आधी घरी करून बघा, मग सीपीआरसमोर.