सॉलिड एक्सल म्हणजे बैलगाडी? मग एकदा पांदणीत या

पांदणवाला:
‘जिमनी की थार’, म्हणजे सुझुकीची फोर बाय फोर घ्यायची की महिंद्राची, या काल पेटलेल्या चर्चेत एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं, "पुढं सॉलिड एक्सल असलेली गाडी आजच्या काळात घेणं म्हणजे बैलगाडीला एसी बसवणं. इंडिपेंडंट घ्या आणि निवांत झोपा." त्यावर भराभर अंगठे. ज्यांच्या गाडीनं नागपूरच्या उमरेड रोडचं डांबर कधी सोडलं नाही, तेही अंगठा देऊन मोकळे. राहवलं नाही म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: सॉलिड म्हणजे डावं-उजवं चाक एकाच अखंड आडव्या एक्सलवर, इंडिपेंडंट म्हणजे प्रत्येक चाक आपापलं सुटं. जिमनीला पुढं सॉलिड आहे, थारला इंडिपेंडंट.

डावं चाक गोट्यावर चढलं की सॉलिड एक्सलचं अख्खं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, त्याच्यासोबत उचललं जातं आणि उजवं चाक आपसूक खाली दाबलं जातं. ते सहसा जमीन सोडत नाही. इंडिपेंडंटमध्ये डावं वर गेलं याची उजव्याला खबरही नसते. मग ते लटकतं, आणि डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) ओपन, म्हणजे लॉक न होणारं, असेल तर इंजिनाची सगळी ताकद त्या लटकलेल्या चाकात वाया जाते. जिमनीला पुढं-मागं दोन्हीकडं थ्री-लिंक रिजिड, म्हणजे सॉलिडच, एक्सल आणि कॉइल स्प्रिंग दिलंय, ते सुझुकीला दुसरं काही येत नाही म्हणून नाही. जीपची रँग्लरही अजून दोन्हीकडं सॉलिडच आहे.

आणि तो क्लिअरन्सचा, म्हणजे पोटाखालच्या मोकळ्या जागेचा, लाडका आकडा. थार २२६ मिमी, जिमनी २१०. हा आकडा गाडी शोरूमच्या फरशीवर उभी असतानाचा. नाल्यात उतरताना पुढचे स्प्रिंग दबले की इंडिपेंडंटवाल्याच्या पोटाखालची जागा तिथल्या तिथं घटते. सॉलिडवाल्याच्या गोळ्याखालची (एक्सलवरचा डिफरन्शियलचा फुगीर भाग) जागा टायर जेवढा बसेल तेवढीच कमी होते.

हिंगणा_नाका:
तो सद्गृहस्थ मीच, आणि माझं वाक्य कायम आहे.

पांदणीचं नाव काढलंच आहे तर पांदणीचंच बोलू. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडतात, दिवाळीनंतर त्या कडक होतात, मधे वरंबा. जिमनीच्या पुढच्या एक्सलचा गोळा कुठं येतो? त्या वरंब्यावर. बसा नांगरत. इंडिपेंडंटमध्ये पुढचं डिफरन्शियल वर चेसिसला टांगलेलं असतं, ते चाकाबरोबर खाली येत नाही.

फोर्सनं २०२१ मध्ये नवी गुरखा आणली तेव्हा पुढचं सॉलिड काढून डबल विशबोन, म्हणजे इंडिपेंडंटच, दिलं. मर्सिडीजनं २०१८ मध्ये जी-क्लासचं तेच केलं. अमेरिकन सैन्याची हमवी तर चारही चाकं सुटी घेऊन फिरली. हे सगळे येडे, आणि शहाणे फक्त पांदणवाले.

पांदणवाला:
हमवीच्या हबमध्ये गिअर आहेत, म्हणून तिचा एक्सल चाकाच्या मधल्या रेषेच्या वर बसतो. ते इंडिपेंडंटचं पुण्य नाही. आणि थार, गुरखा, जी-क्लास, तिन्हीचं मागचं हाउसिंग सॉलिड आहे. पुढून वरंबा वाचवलात, मागचा गोळा काय उडून जाणार?

हिंगणा_नाका:
मागचा अडतो, कबूल. निदान गाडी तिथवर पोचते तरी.

आणि चाक लटकण्याचं एवढं भांडवल कशाला? गुरखाला दोन्हीकडं लॉकर आहेत, डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारे. लटकू दे की. लॉकर ओढला, गाडी निघाली.

पांदणवाला:
पुढचा लॉकर लावून ओल्या उतारावर गाडी वळवून दाखवा. स्टिअरिंग फिरेल, गाडी सरळ नाल्यात जाईल. लॉकर हा अडकल्यावरचा उपाय आहे, मी अडकण्याआधीचं बोलतोय.

जुनी_जिप्सी:
दोघंही कॉइलवरच बोलून राह्यले. पाट्याले, म्हंजे लीफ स्प्रिंगले, कोणी इचारतच नाही बाप्पा. जिप्सी १९८५ साली आली तं पाट्यावर आली, अन् गेली तवाही पाट्यावरच. पेंचमधी, ताडोब्यात किती वर्षं सफारी ओढली तिनं ते पाहा, मंग कॉइलचं कौतुक सांगा.

सिल्लारीकडून येताना माह्या गाडीचा मागचा मेन पाटा टोकाच्या डोळ्यापाशी, म्हंजे कडीपाशी, तुटला. एक्सल मागं सरकला, टायर गार्डाले घासाले लागला. सोबतचा पोट्टा म्हणे आता टोइंग बोलवा. म्या म्हटलं, चूप बस. पळसाचा ओंडका चेसिस अन् हाउसिंगच्या मधात ठोकला, विहिरीच्या दोरानं आवळला अन् मनसरपर्यंत आलो. तिथं लोहारानं ट्रकचा जुना पाटा कापला, भोक पाडलं, सेंटर बोल्ट टाकला, यू बोल्ट कसले. झालं. आता तुमचा विशबोन वाकला तं मनसरचा लोहार काय करन? हात जोडन.

समृद्धी_प्रवासी:
काका, किस्सा झकास. पण त्याच पाट्यावर तुम्ही गाडी मुंबईपर्यंत नेऊन दाखवा. माझं माहेर-सासर दोन्ही पुण्याकडचं, नोकरी मिहानमध्ये. महिन्यात बहुतेक किलोमीटर समृद्धीवर पडतात, आणि तिथं कारला १२० ची मर्यादा आहे. पुढं सॉलिड असलेली मित्राची गाडी मी चालवली. एका पुलाच्या सांध्यावरून गेले आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की वेग पार खाली आणेपर्यंत थांबलंच नाही. नंतर कळलं, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बेअरिंग ढिले, एक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचं बुश संपलेलं, चाकांचं बॅलन्सिंग केलेलं नाही. एकेक गोष्ट बारीक, पण एक्सल एकसंध असला की एका चाकाचा थरथराट दुसऱ्यात जातोच.

जुनी_जिप्सी:
म्हणजे गाडीची देखभाल केली नाही तं दोष एक्सलचा. वा ताई.

समृद्धी_प्रवासी:
देखभाल न केलेली इंडिपेंडंट गाडी टायर खाते, हात सोडवून घेत नाही. एवढाच फरक.

हिंगणा_नाका:
धन्यवाद ताई.

पांदणवाला:
धन्यवाद काय? आठवड्यातून सहा दिवस डांबरी, एक दिवस मॉल, मग फोर बाय फोर घेताच कशाला?

काटोल_संत्री:
एक्सलवर कवापासून भांडून राह्यले, टायरचं एकानंही नाव घेतलं नाही. आमची बाग काटोलकडं आहे, वावरापर्यंत सगळी काळी माती. आमच्याकडं पिकअप आहे, टू-व्हील ड्राइव्ह, मागं पाटे. आषाढात तुमच्या लॉकरवाल्या गाड्या आमच्या धुऱ्याशी रुतलेल्या पाहिल्यात मी.

ही माती माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजवाली. पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगा पडतात. ओल्या मातीत चाक थोडं फिरलं की टायरच्या खाचा भरतात, मग एटी (ऑल-टेरेन) टायर काय अन् एमटी (चिखलाचा) काय, सगळे गुळगुळीत. तिथं एक्सल सॉलिड आहे की सुटा, हे मातीला काय कळतं?

हिंगणा_नाका:
एमटीच्या खाचा मोठ्या असतात, वेगानं फिरवलं की माती उडून जाते.

काटोल_संत्री:
वेगानं फिरवलं की खड्डाही वेगानं होते, दादा.

पांदणवाला:
म्हणून अरुंद टायर. जिमनीला १९५/८० आर १५ आहे, थारला २५५/६५ आर १८; पहिला आकडा रुंदीचा, मिमीत. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत जातो. विषय संपला.

काटोल_संत्री:
खालचा कडक थर! आमच्याकडं विहीर खणताना या, मग थर दाखवते. पुरुषभर खोल काळीच निघते कुठंकुठं. अरुंद टायर कापत जाते, कापतच राहते, अन् मग गाडी गोळ्यावर बसते. हे मुरमाच्या रस्त्यावरचं ज्ञान आहे, तिथं बरोबरच आहे ते.

पांदणवाला:
मुरमाचं ज्ञान नाही ताई, मी कळमेश्वरकडं अशीच माती तुडवली आहे.

काटोल_संत्री:
मग गार्डाच्या आतून माती कधी खरवडली का? चाक अन् गार्डाच्या मधात ती इतकी दाटते की चाक फिरणंच बंद होते, इंजिन ढेकर देऊन बंद. खाली झोपून खुरप्यानं एकेक थर काढा लागते, अन् पुढं गेलं की परत तेच. टायर अन् गार्डामधली मोकळी जागा किती, हे कोणी शोरूममधी इचारत नाही. एक्सल इचारतात.

कन्हानकाठ:
म्हणूनच तर लोक गाडी उचलतात. माझी जुनी थार, पुढं इंडिपेंडंट, अन् स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई, म्हणजे टॉर्शन बार. गॅरेजवाल्यानं बारचे बोल्ट पिळून पुढून दोन इंच उचलून दिली. दिसायला बम झाली. पहिल्याच उन्हाळ्यात पाहतो तर दोन्ही रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा, कोन वाढला, त्याचं रबरी बूट फाटलं, आत धूळ गेली, वळताना कटकट सुरू. वरून सस्पेन्शन खाली जायला जागाच उरली नाही, म्हणजे चाक आधीपेक्षा लवकर लटकतं. इंडिपेंडंट नीट उचलायची तर सगळी भूमितीच बदलावी लागते. सॉलिडला उंच स्प्रिंग, लांब शॉकअप, पॅनहार्ड ॲडजस्ट, बरंचसं काम झालं.

हिंगणा_नाका:
आणि आरटीओ? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंय का? कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फरक चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्येच सांगितलं. लोक मात्र सिव्हिल लाइन्समधून छाती काढून फिरतात, अन् अपघात झाला की इन्शुरन्सवाल्यापुढं रडतात.

कन्हानकाठ:
भाऊ, शहरातले स्पीडब्रेकर कोणत्या कलमात बसतात तेही सांग. त्या सिमेंट रोडच्या कडेला इतकी उंच पायरी केली आहे की घरातून गाडी काढायलाच ऑफ-रोडिंग.

हिंगणा_नाका:
ते वेगळं भांडण. त्यात मी तुझ्या बाजूनं.

पांदणवाला:
उचलण्याचा मुद्दा कन्हानकाठनं मांडला तोच माझा होता. कोणी मानणार नाही, पण नोंद असू द्या.

हिंगणा_नाका:
नोंदवली. सॉलिड एक्सल बेकायदा कामासाठी उत्तम.

नवखा_वर्धारोड:
सगळं वाचलं. वर्धा रोडला राहतो, रोज ऑफिस, सुट्टीत रामटेक-खिंडसी, गावी बुटीबोरीच्या पुढं तीन किलोमीटर पांदण. घेऊ काय?

समृद्धी_प्रवासी:
पुढं इंडिपेंडंट. डोळे मिटून.

पांदणवाला:
रोज ऑफिस असेल तर... घ्या. पण ओपन डिफरन्शियलची स्वस्त आवृत्ती घेऊ नका, मागं लॉकर असलेलीच घ्या. हे मी नाइलाजानं लिहितोय.

जुनी_जिप्सी:
जुनी जिप्सी घे, सस्त्यात पडन. ऑफिसले बस पकड.

काटोल_संत्री:
आधी सांगा, पांदण काळी की मुरमाची? काळी असेल तर पावसात गाडी रोडवरच ठेवा अन् पायी जा. अन् टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायची सवय लावा.

नवखा_वर्धारोड:
काळीच आहे. हवा उतरवली तर परत भरायची कुठं? कॉम्प्रेसर आहे, पण लायटरच्या सॉकेटवरचा.

काटोल_संत्री:
त्यानं चार चाकं भरेपर्यंत संध्याकाळ होते. बॅटरीले चिमटे लावायचा घ्या, अन् भरताना गाडी चालू ठेवा.