माणूस निवडताना कुठे फसलात? अनुभव सांगा

आज ड्रॉवर आवरताना जुनी वही सापडली. बायंडिंगचं काम नवीन सुरू केलं तेव्हा कटिंग मशीनसाठी माणूस हवा होता, त्या इंटरव्ह्यूची. मी काय विचारलंय बघा, 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?' एकाने सांगितलेलं, 'याच मशीनवर, बोटं शाबूत राहिली तर.' त्याच्यापुढे मी फुली मारलीय! घेतला कोणाला, तर गोड बोलणाऱ्याला. त्याने दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या गठ्ठ्याचा मार्जिन उडवला, रात्रभर बसून परत छापलं. मशीनवर उभं करून एकदा कापायला लावलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. तुमचे किस्से येऊ द्या.

—

बोटं शाबूत 😂😂 याला तर लगेच घ्यायला हवं होतं, सेफ्टीची जाणीव असलेला एकमेव उमेदवार

—

आमच्याकडे मेव्हण्याच्या मित्राचा मुलगा. हिशोबाला. बाकी काही लिहीत नाही, मेव्हणा इथे वाचतो.

—

ताई यावर रिसर्चच आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा पेपर, निवडायच्या कुठल्या पद्धतीवरून माणूस पुढे कसं काम करेल ते जास्त कळतं यावर. त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवायची टेस्ट सगळ्यात वर होती आणि नुसती अनुभवाची वर्षं मोजणं पार खाली. २०२२ मध्ये सॅकेट वगैरेंनी आकडे परत तपासले तर सगळ्यांना तेच ठरवलेले प्रश्न विचारून घेतलेला इंटरव्ह्यू वर आला. गप्पा मारत घेतलेला दोन्हीकडे मागेच. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

—

मी पलीकडच्या बाजूने लिहितोय. 'ट्रायल' म्हणून तीन दिवस फुकट राबवून घेतलं, खरी ऑर्डर होती हो ती, आणि नंतर फोनच उचलला नाही. काम करून बघा पण त्या दिवसांचे पैसे द्या राव.

—

+१ अगदी. आम्ही एकच दिवस ठेवतो आणि पैसे संध्याकाळी हातात.

—

माझी एक ट्रिक. आधीच्या मालकाला फोन करून 'कसा होता' विचारायचं नाही, सगळे चांगलाच सांगतात. 'परत घ्याल का?' विचारायचं. एकदा समोरचा इतका वेळ गप्प की मला वाटलं रेंज गेली.

—

😂 रेंज गेली

—

अवांतर, कटिंगला हल्लीच्या मशीनवर दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही ना? आमच्या काकांच्या वेळी नव्हतं तसं. काकांची दोन बोटं गेली.

—

हो, आमचं आता तसंच आहे. तेव्हाचं जुनं होतं, म्हणूनच तर तो तसं बोलला असणार, आत्ता लक्षात येतंय माझ्या. वहीत त्याचा नंबर आहे अजून.

—

लावा की मग

—

लावला. कोणीतरी बाई होत्या, म्हणाल्या राँग नंबर.

—

अरेरे. बरं ताई सुट्टं बायंडिंग घेता का? मुलीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारपर्यंत हवाय