कॅलिफोर्नियाची बुलेट ट्रेन : कल्पना फसली की कामाचा क्रम?

रूळकरी (धागाकर्ता)

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी बुलेट ट्रेनसाठीचा 'प्रपोझिशन १ए' हा जनमत-प्रस्ताव मंजूर केला आणि ९.९५ अब्ज डॉलरच्या रोख्यांना परवानगी दिली. सांगितलं होतं ते असं : सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस २ तास ४० मिनिटं, खर्च ३३ अब्जांच्या आसपास, गाडी २०२० पर्यंत. आज पूर्ण मार्गाचा अंदाज १०० अब्जांच्या वर गेलाय आणि बांधकाम आहे फक्त सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे राज्याच्या मधल्या शेतीच्या पट्ट्यात. पहिला टप्पाही मर्सेड ते बेकर्सफील्ड, २७५ किमीचाच. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जवळपास ४ अब्ज डॉलरचं अनुदान रद्द केलं, तेव्हापासून 'अमेरिकेत हे जमणारच नाही' हा सूर वाढलाय.

मला तो पटत नाही. रूळ, विजेची तार, ३५० किमी वेगाचे डबे हे सगळं जगात इतरत्र सिद्ध झालेलं आहे. घोळ झाला तो कामाच्या क्रमात. मार्गाची आखणी पक्की करायची, मग जमीन ताब्यात घ्यायची, मग गॅस, पाणी, वीज, टेलिफोनच्या वाहिन्या हलवायच्या, शेजारच्या रेल्वे कंपन्यांशी करार करायचे आणि सगळ्यात शेवटी निविदा काढायची. इथे २०१३ मध्येच कंत्राट दिलं, कारण २००९ च्या मंदी-पॅकेजमधला केंद्राचा पैसा सप्टेंबर २०१७ च्या आत खर्च करणं बंधनकारक होतं. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलंय.

याचा अर्थ जागेवर काय होतो ते बघा. पुलाच्या दहा खांबांपैकी सात खांबांची जमीन हातात आहे, तीन तुकडे कोर्टात. पायासाठी खोल भोक पाडणारी पाइल ड्रिलिंगची मशीन सातव्या खांबाशी येऊन थांबते. ती परत पाठवायची तर पुन्हा आणायचा खर्च, ठेवायची तर रोजचं भाडं. कंत्राटदार दोन्हीचा दावा लावतो आणि तो मान्य करावाच लागतो, कारण जमीन द्यायची जबाबदारी सरकारची. ताब्यात घ्यायचे जमिनीचे तुकडे एकूण दोन हजारांच्या वर होते. शिवाय बीएनएसएफ या मालवाहू रेल्वे कंपनीच्या गाड्यांचा मार्ग शेजारून जातो तिथे संरक्षक भिंत हवी, म्हणजे मालगाडी घसरली तर डबा हायस्पीड रुळावर येऊ नये. ही मागणी रास्तच, पण ती पक्की झाली कंत्राट दिल्यानंतर.

हिशेबनीस

क्रमाबद्दलचं सगळं मान्य. पण क्रम सरळ असता तरी गाडी बेकर्सफील्डलाच थांबली असती, त्याचं काय? खरं काम दोन टोकांना आहे. उत्तरेला पाचेको खिंडीखालून साधारण २१ किमीचा बोगदा, दक्षिणेला तेहाचापीचे डोंगर आणि पुढे पामडेल ते बरबँक बरंचसं जमिनीखालून, तेही भूकंपप्रवण भागात. या बोगद्यांचा पैसा २००८ मध्येही नव्हता, आजही नाही.

आज बेकर्सफील्डहून लॉस एंजेलिसला प्रवासी रेल्वेच नाही. तेहाचापीवरचा जुना मार्ग मालगाड्यांनी भरलेला, म्हणून अ‍ॅमट्रॅक ही राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनी प्रवाशांना उतरवून बसमध्ये बसवते. म्हणजे अब्जावधी ओतून मिळणार काय, तर बसपर्यंत वेगाने पोचवणारी गाडी. आय-५ महामार्गाच्या कडेने सरळ नेली असती तर शहरांमधून जायचे उड्डाणपूल तरी वाचले असते.

घाटमाथा

आय-५ चा मुद्दा दर वेळी येतो, म्हणून लिहितो. व्हॅलीत तो रस्ता सरळ आहे खरा, पण त्याच्या कडेला पेट्रोल पंप आणि बदामाच्या बागा. लोकवस्ती आहे हायवे ९९ वर. एकट्या फ्रेस्नोतच पाच लाखांवर माणसं. आणि दक्षिणेला आय-५ ग्रेपव्हाइनच्या घाटात चढतो तो ६ टक्क्यांच्या चढाने. युरोपातल्या हायस्पीड मार्गांवर चढ साडेतीन-चार टक्क्यांपर्यंतच नेतात. तेव्हा बोगदा तिकडूनही चुकत नाही, फक्त जागा बदलते.

चक्रधर

मग ब्राइटलाइन वेस्ट या खासगी हायस्पीड प्रकल्पासारखं करा ना! लास व्हेगास ते रँचो कुकामोंगा, ३५१ किमी, आय-१५ च्या मधल्या दुभाजकातून. जमिनीचे मालक जवळजवळ दोनच, म्हणजे कॅलिफोर्निया आणि नेवाडा ही राज्यं. एप्रिल २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, केंद्राचे ३ अब्ज, बाकी खासगी पैसा.

रूळकरी

चक्रधर, भूसंपादन वाचतं हे खरंच, पण फुकटात नाही. त्यांचा बराचसा मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या ठरलेल्या क्रॉसिंगलाच एकमेकींना ओलांडणार. एक गाडी दहा मिनिटं उशिरा निघाली की समोरची क्रॉसिंगवर ताटकळते आणि तो उशीर पुढच्या गाडीला चिकटतो. कोकण रेल्वेने गणपतीत गावी गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय महामार्गाची वळणं मोटारींसाठी आखलेली. ३५० किमी वेगाला वळणाची त्रिज्या सात किमीच्या घरात लागते; दुभाजकात ती मिळत नाही, तिथे वेग उतरवावाच लागतो. रँचो कुकामोंगा लॉस एंजेलिसपासून ६० किमी दूर, तिथून मेट्रोलिंक लोकल. आणि १२ अब्जांचा अंदाज २१ अब्जांवर गेलाय, खासगी असूनही.

हिशेबनीस

म्हणूनच म्हणतो, नवे मार्ग सोडा आणि बोस्टन–वॉशिंग्टनवर पैसा घाला. तिथे प्रवासी आधीपासून आहेत. अ‍ॅमट्रॅकची तिथली वेगवान गाडी असेला, तिची नवी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, २५७ किमी वेगाची. तरी ७३५ किमीला साडेसहा-सात तास! कारण गाडीत नाही, खाली आणि वर आहे. बाल्टिमोरचा बोगदा १८७३ चा, तिथे वेग ५० च्या खाली. न्यूयॉर्कच्या दक्षिणेला विजेची तार बरीचशी १९३० च्या दशकातल्या बांधणीची. नव्या पद्धतीत तारेच्या टोकाला कप्पीवरून वजनं टांगलेली असतात. उन्हाने तार लांबली की वजन खाली येतं आणि ताण तेवढाच राहतो. जुन्या तारेला ती सोय नाही. उन्हाळ्यात ती झोळते, वेगात पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) अडकला तर तार ओरबाडली जाते आणि सगळा मार्ग बंद. म्हणून तिथे मर्यादा २१७ किमीची.

न्यू जर्सीत हॅकेन्सॅक नदीवरचा १९१० चा पोर्टल पूल तर बोटींसाठी आडवा फिरायचा आणि परत नीट बसायचा नाही. कामगारांनी घण मारून रूळ जुळवायचे! शेजारी नवा उंच पूल उभारला, जो उघडावाच लागत नाही. मला विचाराल तर असा एक पूल फ्रेस्नोच्या दहा उड्डाणपुलांना भारी.

घाटमाथा

सहमत, पण 'हे की ते' कशाला? १ए च्याच रोख्यांतून काही पैसा कॅलट्रेनच्या विद्युतीकरणाला गेला. सप्टेंबर २०२४ पासून सॅन फ्रान्सिस्को–सॅन होजे लोकल २५ हजार व्होल्टवर धावतेय. त्याच रुळांवरून पुढे हायस्पीड गाडी १७७ किमीने जायची आहे. तो भाग वाया गेला असं कोण म्हणेल?

चक्रधर

आपल्या मुंबई–अहमदाबादचंही हेच ना? गुजरातेत जमीन आधी हाती आली, खांब आधी उभे राहिले. पालघरला उशीर झाला, काम मागे पडलं.

रूळकरी

अगदी. हिशेबनीस, असेलाच्या तारेबद्दल वाद नाही. पण तिथे काम चालू गाड्यांच्या मधून करावं लागतं. रात्रीच्या काही तासांच्या ब्लॉकमध्ये मशीन आणायची, तार काढायची, नवी ओढायची आणि पहाटेच्या गाडीआधी मार्ग मोकळा करायचा. किलोमीटरमागे तेही स्वस्त पडत नाही.

हिशेबनीस

स्वस्त नाही, पण पूर्ण होतं आणि दुसऱ्या दिवसापासून वापरात येतं. तुमच्या कॅलिफोर्नियाच्या गाडीसाठी राज्याने प्रदूषण-परवान्यांच्या लिलावातून २०४५ पर्यंत वर्षाला १ अब्ज ठरवलेत. त्यातून आधी व्हॅलीचे रूळ, तारा, डबे आणि डेपो व्हायचे आहेत. पाचेकोच्या बोगद्याचं मशीन कुठल्या वर्षी मागवणार, ते सांगा.