विद्याविहारचे सोमय्या विद्यापीठ घ्यावे की केंद्रीय फेरीतून मिळालेले सायनचे महाविद्यालय?

भांडुपकर पालक (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली असून तिच्यासमोर अभियांत्रिकीचे दोन प्रवेश आहेत. दोन्ही संस्था सोमय्या या एकाच नावाच्या असल्यामुळे घरच्यांना समजावून सांगतानाही गोंधळ उडतो. पहिला प्रवेश विद्याविहारच्या सोमय्या विद्याविहार विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान शाखेला आहे. हे खाजगी विद्यापीठ असून त्यांनी स्वतःच्या गुणवत्ता यादीतून जागा देऊ केली आहे. दुसरा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या केंद्रीय फेरीतून सायनच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शाखेला मिळाला आहे.

मुलीचा ओढा विद्याविहारकडे आहे. शाखा तिच्या आवडीची आहे, परिसर तिने पाहिला आहे आणि तिच्या दोन मैत्रिणीही तिथेच जाणार आहेत. माझी अडचण शुल्काची आहे, कारण दोन्ही शुल्कपत्रके शेजारी ठेवली की विद्यापीठाचा आकडा फारच पुढे जातो. जास्तीच्या पैशात नेमके काय मिळते, पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव नसल्याने पुढे काही अडते का, आणि केवळ शाखेसाठी कर्ज काढणे शहाणपणाचे आहे का, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

प्रवेशवारी

मी काही वर्षे प्रवेश समुपदेशनाचे काम केले आहे. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. विद्याविहारचे के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. ते अनेक वर्षे मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि २०१४ पासून स्वायत्त झाले, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवू लागले. पुढे २०१९ मध्ये राज्याच्या कायद्याने सोमय्या विद्याविहार विद्यापीठ स्थापन झाले आणि हे महाविद्यालय त्याचा भाग बनले. सायनची संस्था २००१ ची आहे. तीही स्वायत्त आहे, परंतु ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहिली आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतही राहिली. तेव्हा दोन्हींचा मूळ पुरुष एक असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी घरे आहेत, आणि तुमच्या निर्णयात सर्वांत मोठा फरक याच गोष्टीने पडणार आहे.

राज्यातील विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश व शुल्क २०१५ च्या अधिनियमाखाली येतात आणि त्यांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. महाविद्यालयाला आपला खर्च कागदोपत्री दाखवून ते मंजूर करून घ्यावे लागते. खाजगी विद्यापीठे आपले शुल्क आपल्याच व्यवस्थेतून ठरवतात, त्यामुळे तुम्हाला दिसलेली तफावत अनपेक्षित नाही. याहून महत्त्वाची बाब शिष्यवृत्तीची आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो किंवा ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींना मिळालेली सवलत असो, या योजना केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी आहेत आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यांतून वगळलेली आहेत. त्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते.

आपण प्रश्नात प्रवर्ग आणि उत्पन्न यांचा उल्लेख केलेला नाही. आकडा लिहू नका, पण आपण त्या मर्यादेच्या आत आहात की बाहेर, एवढे सांगितल्याशिवाय कोणाचाही सल्ला अर्धवटच राहील. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

माजी विद्याविहारकर

मी विद्याविहारलाच शिकलो, पण महाविद्यालय मुंबई विद्यापीठाखाली असताना. माझे मत एकतर्फी वाटण्याचा संभव आहे, म्हणून गुणांबरोबर उणेही मांडतो.

परिसर ही तिथली खरी मिळकत आहे, आणि ती केवळ झाडे आणि मैदाने यांपुरती नाही. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, कला, विज्ञान, वाणिज्य आणि धर्म अध्ययन हे सगळे एका आवारात असल्यामुळे मुलांच्या ओळखी आपल्या शाखेबाहेरही होतात. ‘रिडल’ हे नवउद्योगांना आधार देणारे केंद्र आवारातच आहे. ज्या मुलाला हाताने काही घडवून पाहायची हौस आहे, त्याला तिथे तासन्‌तास रमता येते. विद्यापीठ झाल्यावर अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच विद्वत परिषदेकडे आला. एखादा विषय जुना झाला, तर तो बदलण्यासाठी कोणा बाहेरच्या मंडळाची वाट पाहावी लागत नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचे निकाल ऑनस्क्रीन मूल्यांकनाच्या गोंधळात रखडले, तेव्हा परदेशी प्रवेश घेऊन बसलेल्या मुलांचे काय हाल झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना स्वतःच्या परीक्षा स्वतः घेण्याचे मोल वेगळे सांगायला नको. अर्थात सायनची संस्थाही आता स्वायत्त असल्याने या मुद्द्यावर ती फारशी मागे नाही.

उणे असे की, परिसराचा उपयोग करून घेणारी मुले मोजकीच असतात. बाकीची मुले वर्ग, प्रयोगशाळा, उपाहारगृह आणि ६ वाजून काही मिनिटांची धीमी लोकल एवढाच परिसर वापरतात, आणि त्यासाठी जास्तीचे शुल्क भरणे मला पटत नाही. आपली मुलगी यांपैकी कोणत्या गटातली आहे, हे आपल्यालाच ठाऊक.

प्रवासाचे म्हणाल तर भांडुपहून विद्याविहार चौथे स्थानक आणि सायन सहावे. दोन्हीकडे जलद गाडी थांबत नाही. सायनची संस्था एव्हरार्ड नगरला असल्याने स्थानकावरून पुढेही थोडे जावे लागते. हा फरक किरकोळ आहे.

भांडुपकर पालक

प्रवेशवारी यांचे मनापासून आभार. आम्ही इतर मागास वर्गात मोडतो आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही आहे. ही सवलत खाजगी विद्यापीठाला लागू नाही, हे मला कोणीच सांगितले नव्हते. तिथल्या माहिती सत्रात शिष्यवृत्तीचा उल्लेख झाला होता, परंतु ती विद्यापीठाची स्वतःची गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्ती असावी, असे आता वाटते. मग तुलना ‘कमी शुल्क आणि जास्त शुल्क’ अशी न राहता ‘जवळजवळ काहीच नाही आणि पूर्ण शुल्क’ अशी होते. तरीही शाखेचा प्रश्न उरतोच. मुलीला प्रोग्रॅमिंगमध्ये रस आहे, सर्किटमध्ये नाही.

जमाखर्च

मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बराच काळ बसलो आहे, त्यामुळे शाखेबद्दल न बोलता हिशेबाबद्दल बोलतो.

समजा, चार वर्षांचा फरक ८ लाख रुपये आहे आणि तो कर्जाने भागवायचा आहे. १० टक्के व्याजाने १० वर्षांची परतफेड धरली, तर मासिक हप्ता साधारण साडेदहा हजार रुपये पडतो आणि एकूण परतफेड साडेबारा लाखांच्या पुढे जाते. शिक्षण चालू असताना साचणारे व्याज यात धरलेले नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मात्र घराची कागदपत्रे निघतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्याआधीच्या काळासाठी ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती ठरावीक संस्थांनाच लागू आहे आणि लाभार्थींची संख्याही मर्यादित आहे. संस्था त्या यादीत आहे का, हे विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. प्रवेश कार्यालयातील तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आमच्या टेबलासमोर येणारे पालक पहिल्या वर्षाचे शुल्क विचारत आणि चारने गुणत. खाजगी विद्यापीठाच्या बाबतीत दरवर्षी वाढीची अट आहे का, ती किती टक्के आहे, आणि ती आधी प्रवेश घेतलेल्यांना लागू होते का, हे लेखी घ्यावे. वसतिगृहाचा प्रश्न आपल्याला नाही, ही मोठीच बचत आहे.

कौस्तुभ_ठाणे

मी स्वतः टेलिकम्युनिकेशनचा पदवीधर असून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, आणि माझ्या संघात अशा लोकांची वाण नाही. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या बहुतेक सर्व शाखांना परीक्षेला बसू देतात. काही चांगल्या कंपन्या मात्र केवळ संगणक आणि माहिती तंत्रज्ञान या शाखांनाच बोलावतात. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि आपल्या मुलीला त्याचा थोडा फटका बसू शकेल. संगणकाचे विषय मायनर (मुख्य शाखेसोबतचा दुय्यम विषयगट) म्हणून घेऊन ते अंतर बरेच भरून काढता येते. पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत संगणकशास्त्राचा पेपर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येतो. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याची सोय असते, पण रिकाम्या जागांवर आणि गुणांवर ती अवलंबून असल्याने तिच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये.

नोकऱ्यांच्या आकड्यांबाबत एक सूचना. माहितीपत्रकात सर्वांत मोठे पॅकेज ठळक छापलेले असते, ते सोडून द्या. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक संस्थांच्या क्रमवारीसाठी प्रत्येक संस्थेने भरलेली माहिती तिच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात एक तक्ता असतो, आणि तो आडवा वाचायचा असतो. पहिल्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, त्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि उच्च शिक्षणासाठी किती गेले, हे सगळे एका ओळीत दिसते. मध्यक म्हणजे निम्मी मुले ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली आहेत तो आकडा, आणि आपली मुलगी याच्या आसपास असेल असे धरून चालणे सुरक्षित. दोन्ही संस्थांची कागदपत्रे उघडून तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा. तो तक्ता संपूर्ण संस्थेचा असतो, शाखेचा नव्हे. शाखानिहाय आकडे प्लेसमेंट विभागाकडे वेगळे मागावे लागतात. त्याच कागदपत्रात किती विद्यार्थ्यांच्या पूर्ण शिक्षण शुल्काची शासनाने आणि किती जणांच्या शुल्काची संस्थेने प्रतिपूर्ती केली, हेही असते. विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीबद्दलची आपली शंका तिथे फिटेल.

पदवीच्या नावाचा प्रश्न मात्र मनातून काढून टाका. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ खाली पदवी देण्याचा अधिकार असतो, त्यामुळे सरकारी नोकरी, स्पर्धा परीक्षा आणि पुढचे शिक्षण यांत कायद्याची अडचण येत नाही. परदेशात जायचे असेल तर त्या अभ्यासक्रमाला एनबीए या तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन आहे का, हे दोन्हीकडे शाखेनुसार तपासा.

मी आपल्या जागी असतो तर सायन घेतले असते. मुलीचे उत्पन्न-प्रमाणपत्राच्या बाहेरचे काही मत असेल, तर तेही ऐका, कारण शाखेचा मनापासून कंटाळा असलेला विद्यार्थी फुकट शिकूनही मागे पडतो. परंतु प्रोग्रॅमिंगची आवड असणे आणि सर्किटचा कंटाळा असणे या दोन गोष्टी एकच आहेत का, हे तिला एकदा शांतपणे विचारा.

भांडुपकर पालक

आज तिच्याशी बोलणे झाले. टेलिकम्युनिकेशनचा अभ्यासक्रम तिने प्रथमच नीट उघडून पाहिला. निम्म्या विषयांना तिची हरकत नाही, असे तिचे म्हणणे आहे. बाकीच्या निम्म्यांवर ती अजून विचार करते आहे. मात्र विद्याविहारची जागा हातची जाऊ नये म्हणून आम्ही पहिल्या सत्राचे शुल्क भरून बसलो आहोत. सायन निश्चित केले तर ते परत मिळेल का?

प्रवेशवारी

मिळते, पण तारखेवर लक्ष ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण शुल्क परत मिळते आणि प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ हजार रुपये कापता येतात. त्यानंतर, पण अंतिम तारखेच्या आत, रद्द केला तर ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि पुढे काहीच नाही. आयोग अलीकडे काही वर्षी यापेक्षा उदार मुदत जाहीर करत आला आहे, म्हणून यंदाचे परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा. अर्ज ईमेलने करा आणि पोच जपून ठेवा. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे.

सायन निश्चित करण्याआधी दोन कागद तपासा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे आपल्याकडचे प्रमाणपत्र कोणत्या वर्षापर्यंत चालते ते पाहा. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही, म्हणून जात पडताळणी समितीकडे अर्ज केला नसल्यास उद्याच करा. सवलतीसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज मात्र प्रवेश निश्चित झाल्यावरच भरायचा आहे, आणि तो दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. विकास शुल्क व इतर किरकोळ रकमा सवलतीत येत नाहीत, तेवढी तजवीज ठेवा.