मध्यम किमतीचे एखादेच ग्राफिक्स कार्ड इतके लोकप्रिय का होते?

पाटीपेन्सिल:

संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीमचे मासिक हार्डवेअर सर्वेक्षण मी गेली काही वर्षे आवर्जून पाहतो आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडखळतो. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० त्या यादीत कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. २०२२ च्या अखेरीस त्याला खाली ढकलले ते जीटीएक्स १६५० ने, म्हणजे परीक्षकांनी ज्याचे स्वागत नाक मुरडूनच केले होते अशा कार्डाने. एप्रिल २०१९ मध्ये ते १४९ डॉलरला बाजारात आले, तेव्हा प्रतिस्पर्धी एएमडीचे आरएक्स ५७० त्याहून स्वस्तात मिळत होते आणि बहुतेक गेममध्ये जास्त फ्रेम रेटही (सेकंदाला दिसणारी चित्रे) देत होते. पुढे आरटीएक्स ३०६० आणि ४०६० यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले.

याचे उत्तर 'लोक एनव्हिडियाच्या नावावर जातात' एवढेच असेल, तर एनव्हिडियाची सगळीच मध्यम कार्डे सारखी खपायला हवीत आणि तसे दिसत नाही. मग ठरावीक कार्डांतच असे काय असते? प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही, मलाही कार्ड घ्यायचे आहे. माझ्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आणि १०८०पी मॉनिटर आहे. बहुसंख्य लोक जे घेतात ते आपणही घ्यावे का, हे ठरवण्याआधी ते का घेतात हे समजून घ्यावे म्हणतो.

खडूफळा:

आधी त्या सर्वेक्षणाबद्दल थोडे सांगतो, कारण निम्मे कोडे तिथेच सुटते. ते विक्रीचे आकडे देत नाही. त्या महिन्यात ज्यांनी सहभागाला होकार दिला, त्यांच्या संगणकात कोणते कार्ड बसलेले आहे एवढेच ते सांगते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी घेतलेले आणि अजून चालणारे कार्ड दर महिन्याला पुन्हा मोजले जाते, तर चांगले असूनही ज्याचे मालक दोन वर्षांत ते विकून पुढे जातात असे कार्ड यादीत कधीच फार वर चढत नाही. महागड्या कार्डांचे ग्राहक नेमके असेच असतात.

दुसरी गोष्ट लॅपटॉपची. १०६० च्या पिढीत एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांना वेगळे नाव देणे बंद केले होते, म्हणून टेबलावरचे १०६० आणि लॅपटॉपमधले १०६० एकाच ओळीत मोजले गेले. १६५० चे तर अर्धे गुपित तेच आहे, कारण कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ती चिप सर्रास असे. आरएक्स ५७० ला हा आधार नव्हता. तिसरी गोष्ट चीनमधल्या सायबर कॅफेंची. तिथे एकाच संगणकावर दिवसभरात अनेक जण आपापल्या खात्याने बसत आणि तो संगणक पुन्हा पुन्हा मोजला जाई. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ही चूक २०१८ मध्ये मान्य करून दुरुस्त केली. तेव्हा यादीतला क्रमांक हा आवडीचा पुरावा मानताना हात जरा आखडताच ठेवावा.

उंबरठा:

खडूफळा यांचे म्हणणे मान्य, पण १६५० विरुद्ध ५७० हा सामना मला मोजणीतल्या गफलतीपेक्षा वायरींचा वाटतो. परीक्षक कार्ड तपासतात ते ७५०-८५० वॅटचा उत्तम एसएमपीएस असलेल्या बाकावर, आणि ग्राहक ते नेतो एखाद्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या ब्रँडेड डब्याकडे. असा डबा उघडून पाहिला आहे का? एसएमपीएस बहुधा २४० ते ३०० वॅटचा असतो, त्यातून ग्राफिक्स कार्डासाठीची सहा पिनांची वायर बाहेर येतच नाही, आणि मदरबोर्डाला जाणारा प्लग अनेकदा त्या कंपनीच्या खास मापाचा असल्याने बाजारातला साधा एसएमपीएस आणून बसवण्याची सोयही नसते. अशा संगणकासाठी आरएक्स ५७० ची किंमत कितीही कमी असली तरी ते घेता येत नाही, कारण त्याला १५० वॅट आणि वेगळी वायर लागते. १६५० ला ७५ वॅट पुरतात आणि तेवढी वीज मदरबोर्डावरचा स्लॉटच पुरवतो. कार्ड खोचले, मॉनिटरची केबल लावली, काम झाले.

वेगळी वायर न लागणाऱ्या कार्डांचा हा वंश जुना आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ६० वॅटचे जीटीएक्स ७५० टीआय आले, ऑक्टोबर २०१६ मध्ये ७५ वॅटचे १०५० टीआय, मग १६५०, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ७० वॅटचे ६ जीबीवाले आरटीएक्स ३०५०. यांतल्या कोणत्याही कार्डाला कोणी 'उत्कृष्ट' म्हटल्याचे फारसे आठवत नाही, पण बाकी कशालाही हात न लावता घरचा संगणक गेम चालवू लागतो हा गुण आलेखात दिसत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला मात्र तो चांगला ठाऊक असतो, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी 'संगणक सुरू होताच बंद पडतो' अशी तक्रार घेऊन परत येणार नाही हे त्याच्या दृष्टीने दहा फ्रेमपेक्षा मोलाचे असते.

तिसरा_मजला:

वर आलेले दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण त्यांनी १६५० उलगडते, १०६० उलगडत नाही. १०६० ला १२० वॅट आणि सहा पिनांची वायर लागतच होती, शिवाय त्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी होता. माझ्या मते मध्यम कार्डाचे भवितव्य ते कधी जन्माला आले यावर, त्याच्या अंगच्या गुणांइतकेच, किंबहुना थोडे अधिक, ठरते.

१०६० जुलै २०१६ मध्ये २४९ डॉलरला आले. सप्टेंबर २०१४ मध्ये ५४९ डॉलरला निघालेल्या जीटीएक्स ९८० च्या जवळपास त्याचा वेग होता, म्हणजे दोनच वर्षांत निम्म्याहून कमी किमतीत तेच काम. पण खरी मेख पुढे आहे. मोठ्या खर्चाचे गेम तयार होतात ते प्रथम प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स हे कन्सोल डोळ्यांपुढे ठेवून. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ची गणनक्षमता १.८४ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते) होती आणि १०६० ची सुमारे ४.४. या आकड्यांची थेट तुलना फार काटेकोर नसते हे खरे, तरी अंतर केवढे होते ते यातून कळते. कन्सोलची पुढची पिढी नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि त्यानंतरही दोनेक वर्षे बरेच गेम जुन्या पिढीसाठीही निघत राहिले. म्हणजे ज्याने २०१६ मध्ये हे कार्ड घेतले त्याला सहा वर्षे बहुतेक प्रत्येक नवा गेम १०८०पीवर समाधानकारक चालवता आला. हेच कार्ड २०२० च्या उन्हाळ्यात आले असते, तर दोन वर्षांत त्याचा दम निघाला असता.

आणि याच काळात वारसांनी त्याला हात दिला. जानेवारी २०१९ मध्ये आरटीएक्स २०६० आले ते थेट ३४९ डॉलरला, म्हणजे नाव त्याच इयत्तेचे आणि किंमत शंभर डॉलर वर. त्यानंतर २०२० च्या अखेरीपासून इथेरियम या आभासी चलनाच्या माइनिंगने (ग्राफिक्स कार्डांवर गणिते करून ते चलन कमावण्याने) आणि चिपांच्या टंचाईने बाजार असा उठवला की छापील किमतीला कार्ड मिळणे ही अफवा वाटावी. १०६० वाल्यांनी ते जपून वापरले, कारण दुसरे काही परवडत नव्हते. जून २०२१ मध्ये एएमडीने कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून वेग वाढवणारे एफएसआर हे तंत्र सर्व कंपन्यांच्या कार्डांसाठी खुले केले, आणि प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डाचे आयुष्य त्यामुळे आणखी थोडे लांबले, हा एक गमतीचा भाग.

प्रतिस्पर्ध्याचे काय झाले तेही पाहा. आरएक्स ४८० जून २०१६ मध्ये आले, ८ जीबीचे २३९ डॉलरला, आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती आरएक्स ५८०. वेग १०६० च्या बरोबरीचा आणि मेमरी २ जीबी जास्त. कागदावर हेच कार्ड पुढे जायला हवे होते. पण त्याची २५६ बिटांची मेमरी इथेरियमच्या माइनिंगला फार मानवली आणि २०१७ मध्ये ही कार्डे गेमरांच्या हाती लागण्याआधीच माइनिंगवाल्यांच्या मांडण्यांवर गेली. वर्षभराने भाव कोसळल्यावर तीच कार्डे सेकंड हँड बाजारात ढिगाने आली. तेव्हा कुठे ५८० सामान्यांचे झाले, पण तोवर जागा भरली होती.

एकदा जागा भरली की पुढचे काम गेम बनवणारेच करतात. सर्वाधिक लोकांकडे जे कार्ड आहे त्यावर गेम नीट चालेल हे पाहणे त्यांच्या पोटापाण्याचे असते. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा शिफारस केलेल्या कार्डांच्या ओळीत १०६० चे नाव होते, आणि २०२३ च्या सुधारित यादीत तेच नाव किमान गरजेच्या ओळीत गेले. शिफारसीतून उतरून किमानात टिकणे ही छोटी गोष्ट नव्हे, बहुतेक कार्डे मधल्या काळात यादीतूनच नाहीशी होतात.

नावात १०६० असलेले सगळेच सोने नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. त्याच वर्षी निघालेल्या ३ जीबीच्या आवृत्तीत मेमरी तर निम्मी होतीच, शिवाय गणना करणारे कोअरही १२८० ऐवजी ११५२ होते. खोक्यावर मात्र नाव तेच.

खडूफळा:

कन्सोलचा मुद्दा पटला. मग आरटीएक्स ३०६० चे काय? ते फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, म्हणजे नवे कन्सोल येऊन गेल्यावर.

तिसरा_मजला:

तिथे मेमरीने तारले, आणि तेही बऱ्याच अंशी योगायोगाने. ३०६० चा मेमरी मार्ग १९२ बिटांचा आहे, म्हणजे बोर्डावर सहा मेमरी चिपा बसतात. प्रत्येक चिप १ किंवा २ जीबीची, त्यामुळे एकूण ६ किंवा १२, मधले काही शक्य नव्हते. २०२१ मध्ये ६ जीबीचे कार्ड काढले असते तर टीका झाली असती, म्हणून १२ चे निघाले, आणि त्याहून महागड्या ३०७० ला ८ जीबी व मूळ ३०८० ला १० जीबी असा विचित्र उलटा क्रम तयार झाला. त्या वेळी '३०६० च्या वेगाला १२ जीबी हवेत कशाला' असे विचारणारे अनेक होते. २०२३ च्या सुरुवातीला काही मोठे गेम उच्च सेटिंग्जवर ८ जीबीची हद्द ओलांडू लागले तेव्हा उत्तर मिळाले. मधल्या काळात, ऑगस्ट २०२२ मध्ये, एआयने चित्रे काढणारे स्टेबल डिफ्यूजन सर्वांसाठी खुले झाले आणि घरी प्रतिमा निर्मिती करू पाहणाऱ्यांना परवडणाऱ्या किमतीत सीयूडीए (एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालणारी गणनेची प्रणाली) आणि १२ जीबी एकत्र मिळणारे हे जवळजवळ एकमेव नवे कार्ड ठरले. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर शिकणारे विद्यार्थीही तिकडेच वळले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे माइनिंग संपल्यावर कार्डे पुन्हा हाताला लागू लागली होती, तेही पथ्यावर पडले.

४०६० च्या कथेत मात्र असे काही रोचक नाही. २९९ डॉलर, ११५ वॅट, ८ जीबी, आणि तयार संगणक विकणाऱ्यांना सोयीचे. खपले.

पाटीपेन्सिल:

सर्वांचे आभार. याचा अर्थ, गर्दीमागे जायचे तर तिची कारणे मला लागू आहेत का ते पाहावे लागेल. माझ्याकडे सहा पिनांची वायर आहे, आठ पिनांचीही आहे. कार्ड पाच वर्षे तरी टिकावे अशी अपेक्षा आहे. सध्या आरटीएक्स ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी आणि इंटेलचे आर्क बी५८० हे तीन पर्याय समोर आहेत. दुकानदार पहिले घ्या म्हणतो.

उंबरठा:

तुमचा बी४५० मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला माहितीचा रस्ता) देतो, तिथून सुरुवात करा. ५०६० आणि बी५८० ही दोन्ही कार्डे सोळांपैकी आठच मार्गिका वापरतात. नव्या मदरबोर्डावर त्याने काही बिघडत नाही, पण तुमच्याकडे तो रस्ता अरुंद होतो, आणि मेमरी भरून कार्डाला मुख्य रॅमकडे धाव घ्यावी लागली की अडकण जाणवते. ५०६० ला ८ जीबीच असल्याने ती वेळ लवकर येईल. बी५८० ला १२ जीबी आहेत आणि २४९ डॉलरला ते उत्तम वाटते, पण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर बराच भार टाकतो आणि रायझन ५ ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग काही गेममध्ये चांगलाच घसरतो. नव्या संगणकासाठी मी ते सुचवले असते, तुम्हाला नाही. ९०६० एक्सटी सोळाही मार्गिका वापरते आणि १६ जीबीमध्ये मिळते. फक्त त्याच नावाने ८ जीबीचेही मिळते, तेव्हा खोक्यावर आणि बिलावर दोन्हीकडे आकडा पाहून घ्या.

२०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा अमेरिकेत १६ जीबीच्या ९०६० एक्सटीची छापील किंमत ३४९ डॉलर आणि ५०६० ची २९९ होती. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वितरकाचा वाटा चढतो, म्हणून प्रत्यक्ष फरक दोन-तीन दुकानांत विचारूनच कळेल. तुम्हाला ब्लेंडर किंवा सीयूडीएवर चालणारे काही करायचे असेल तर मात्र हिशेब बदलतो, आणि तेव्हा ५०६० टीआयच्या १६ जीबीच्या आवृत्तीसाठी पैसे साठवणे बरे.

एक राहिलेच. एसएमपीएसवर ४५० लिहिले आहे म्हणून भागत नाही, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा.

पाटीपेन्सिल:

आताच कॅबिनेट उघडून पाहिले. १२ व्होल्टला २५ अँपिअर लिहिले आहेत.

उंबरठा:

म्हणजे ३०० वॅट. १६ जीबीचे ९०६० एक्सटी १६० वॅट घेते, ३६०० भरात असताना ९० च्या आसपास जातो, वर पंखे, डिस्क आणि मदरबोर्ड. आकडे कसेबसे बसतात, पण कार्ड क्षणभर उसळी मारते तेव्हा हा एसएमपीएस मान टाकण्याची शक्यता बरीच आहे. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा एसएमपीएस त्याच बिलात धरा, आणि तो बजेटमध्ये बसत नसेल तर कार्डाची खरेदी पुढच्या महिन्यावर टाका.